पोट अर्धं रिकामं ठेवून शहर बघ

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण, तू पाठवलेली यादी. काम आदल्या दिवशी संपतंय, दुसरा आख्खा दिवस मोकळा, आणि त्या एका दिवसात तू बावीस जागा बसवल्या आहेस. अकरा बघायच्या, अकरा खायच्या. यादी मन लावून केली आहे हे दिसतं. तरीही माझं ऐकशील तर तीनच ठेव: एक सकाळची, एक दुपारची, एक संध्याकाळची. उरलेला दिवस त्यांच्या मधल्या रस्त्यांना दे.

साधा हिशेब आहे. कुठे न थांबता माणूस तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो. अनोळखी गावात थांबत, वळत, चुकलं म्हणून मागे फिरत चाललं तर तीनही होत नाहीत. दिवसभरात बारा-तेरा किलोमीटर झाले की पाय बोलायला लागतात. बावीस जागा करायच्या तर निम्मा दिवस गाडीत जाईल. शहर बघायचं असतं ते नेमकं दोन ठिकाणांच्या मध्ये, जिथे कोणी तुला बोलावलेलं नसतं.

पोटाचंही तसंच. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात भुकेला माणूस दुप्पट खाऊन बसतो. माझं ऐन तरुणपणी हेच झालं. पहिल्यांदाच पाहत असलेलं शहर, सकाळचे साडेनऊ, आणि पहिल्याच ठिकाणी मी असा आडवा हात मारला की अकराला डोळे मिटायला लागले. खोलीवर जाऊन जरा आडवं व्हावं म्हटलं. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ते शहर पुन्हा वाट्याला आलं नाही, त्याची चुटपुट आजही आहे.

म्हणून पोट अर्धं रिकामंच ठेव. एका ठिकाणी एकच पदार्थ, तोही थोडा. सोबत कोणी असेल तर एकाच ताटातलं दोघांनी घ्या. पुढचं खाण्याआधी निदान अर्धा तास चाल. भूक हळूहळू परत डोकं वर काढते आणि तीच तुला पुढच्या गल्लीत घेऊन जाते. असा दिवस घड्याळावर चालवलेल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त दाखवतो.

सुरुवात भाजीबाजारातून कर, तीही उजाडता उजाडता. सध्या कशाचा हंगाम आहे, लोक कशासाठी घासाघीस करतात आणि कशाला निमूट पैसे देतात, हे तिथे कळतं. सकाळी टोपलीत पाहिलेली पालेभाजी दुपारी ताटात ओळखू आली की शहराशी आपली थोडी ओळख झाली असं वाटतं. शिवाय पहाटेपासून ओझी उचलणारी माणसं तिथेच कुठेतरी खातात. त्यांना वेळ थोडा असतो, भूक खरी असते आणि पैसे मोजून खर्चायचे असतात. ती जिथे गर्दी करतात तिथे बिनधास्त उभं राहा.

तिथून जुन्या वस्तीत शीर. बऱ्याच जुन्या शहरांत रेल्वे आली तेव्हा गाव आधीच दाटलेलं होतं, म्हणून स्टेशन तेव्हाच्या वेशीबाहेर बांधावं लागलं. जुना भाग सहसा तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर असतो. रस्ते अरुंद आणि वाकडे व्हायला लागले की बरोबर चाललं आहे असं समज.

आता उघड्यावरच्या खाण्याचं, कारण तुझ्या घरच्यांना काळजी त्याचीच आहे. पाटीपेक्षा हात बघ. एकदा एका परक्या शहरात मी एका गाडीपाशी बराच वेळ नुसतं बघत होतो. एक बाई मोठ्या पातेल्यातून वाढत होती. पैसे घ्यायला शेजारी मुलगा, म्हणजे तिच्या हाताला नाण्यांचा स्पर्शच नाही. दर दोन वाढण्यांनंतर ती पातेल्याची कड फडक्याने पुसायची आणि झाकण लगेच ठेवायची. झाकण उघडलं की वाफेचा लोट तिच्या चष्म्यावर यायचा, काचा निवळेपर्यंत ती थांबायची, मग पुढचं वाढायची. रांगेतला एक म्हातारा जुन्या पातेल्याच्या तळाशी उरलेलं सोडून नव्याची वाट बघत थांबला. मीही थांबलो. तिची भाषा मला येत नव्हती. माझ्याकडे बघून तिने दोन बोटांनी चिमूटभर असं दाखवलं आणि वाटीत थोडंसंच घातलं. आधी चाखून बघ, असं ती म्हणत होती.

त्या वाफेला अर्थ आहे. शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. म्हणून वाफाळतं खा, किंवा खरोखर थंडगार. सकाळपासून कोमट पडून असलेल्याकडे, ते कितीही सुरेख मांडलेलं असो, वळू नकोस. फळ स्वतः सोलून खा. पाणी सीलबंद किंवा उकळलेलं. एवढं करूनही पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ते घोट घोट पीत राहा. ताप आला किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

दुपारी दोन-तीन तास कुठेतरी सावलीत बसून काढ. बूट-मोजे काढ, पायांना वारा लागू दे. नवे बूट या दिवशी घालू नकोस, फोड आले की दिवस तिथेच संपतो.

एक मागणं मात्र आग्रहाने करतो. नकाशा सकाळी एकदा नीट बघ, राहण्याच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेव, आणि मग फोन बॅगेत टाक. तो रात्री परतताना लागणार आहे, त्याची बॅटरी तेव्हासाठी राखून ठेव. दिवसा रस्ता माणसांना विचार. जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाला १९७१ साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की जाग्या होतात. त्या कामासाठी २०१४ चं नोबेल त्याला मिळालं, मोझर दांपत्यासोबत. जागा ओळखण्याची अशी सोय आपल्यातही आहे. कोपऱ्यावरचं झाड, उतार, पाव भाजल्याचा वास हे सगळं ती टिपून ठेवते. तू मान वर करून चाललं पाहिजे एवढंच.

रात्री झोपण्यापूर्वी एक कोरा कागद घे आणि फोन न उघडता दिवसभराचा रस्ता आठवून काढ. कुठे वळलं, कुठे चुकलं, कुठे काय खाल्लं. अंतरं चुकू देत, रेषा वाकड्या येऊ देत. तो कागद मला पोस्टाने पाठव. मी वाट बघतो आहे.

तुझा,
काका