मुलीच्या प्रेमात आडवी येणारी आई : जपानी मालिकांत सुरुवात कुठून करावी?

दोन नावं पुरेत, दोन्ही २०१७ची.

आधी ‘काहोगो नो काहोको’ (निप्पॉन टीव्ही, १० भाग). ‘काहोगो’ म्हणजे अतिकाळजी, आणि नायिकेचं नाव काहोको. शीर्षकातच कोटी आहे. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तरी कपडे आई निवडते, डबा आई भरते, स्टेशनवर आईच गाडीने सोडते. अनाथाश्रमात वाढलेला, चित्रकार होऊ पाहणारा मुगिनो तिला तोंडावर चार शब्द सुनावतो आणि तिथून गाडी रुळावर येते. म्हणजे आईच्या रुळावरून उतरते. सूर विनोदी आहे, म्हणून पहिली हीच बघा.

दुसरी, ‘ओकासान, मुसुमे ओ यामेते ई देसु का?’ (एनएचके, ८ भाग), म्हणजे ‘आई, मी तुझी मुलगी असणं सोडू का?’ ही अंगावर येते. पंचविशीतली शिक्षिका आणि तिची आई इतक्या घट्ट मैत्रिणी की तिसऱ्याला जागाच नाही. घराच्या बांधकामावर देखरेख करणारा तरुण मध्ये आल्यावर आईचा तोल सुटतो. इथे आरडाओरडा शोधू नका. गोड बोलणं, पाळत आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ हीच हत्यारं. अशा आईवडिलांना जपानीत ‘दोकुओया’, विषारी पालक, म्हणतात.

बहुतेकांची चूक अशी की आईला खाष्ट सासूच्या साच्यात बसवतात. ती खलनायिका नाही. तिच्याकडे मुलीखेरीज दुसरं काही उरलेलं नाही. नवऱ्याकडे नीट लक्ष द्या, अर्धं उत्तर त्याच्या गप्प बसण्यात आहे.