पहिली इलेक्ट्रिक गाडी जोडतोयस? आधी ब्रेक, मग पिकअप

भावा, टॉप स्पीड आणि कंट्रोलरच्या (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) सेटिंगा सध्या बाजूला ठेव. आधी गाडी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे.

सगळ्यात जास्त जपायचं बॅटरीला. ७२ व्होल्टचा पॅक शॉर्ट झाला की क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेव, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळ. फ्यूज पॉझिटिव्हच्या तोंडाशीच बसव आणि बॅटरी जोडायचं काम सगळ्यात शेवटी कर.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- हब मोटरला (चाकातच बसवलेली मोटर) टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फ्रेमशी अडकवून धरणारी पट्टी, न लावणं. ॲक्सल जागीच फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. माझ्या तुटल्यात, म्हणून सांगतो.
- मागचं चाक जमिनीवर असताना पहिल्यांदा थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची मूठ) तपासणं. मेन स्टँडवर घे. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हायलाच पाहिजे.
- उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावणं. आपल्या परभणी-जालन्याकडं मे महिन्यात पारा ४० पार जातो आणि बहुतेक लिथियम सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही. सावलीत गार होऊ दे.

पहिले ५० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळ. काळ्या मातीच्या रस्त्यावर ढिले होतातच.

आणि हो, २५० वॅट किंवा ताशी २५ किलोमीटरच्या पुढं गेलास तर आरटीओची नोंदणी लागते. तोवर शेतातल्या वाटेवरच चालव, हेल्मेट घालून. रिजनचं, म्हणजे ब्रेक मारताना मोटरनंच बॅटरी थोडी चार्ज करण्याचं, नंतर बघू.