प्रेमाच्या तीन वाटा असलेल्या खेळात एकच पात्र प्रत्येक वाटेवर वेगळा माणूस वाटतं. हे कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत घडणारा खेळ तुम्ही रेनपायमध्ये, म्हणजे संवाद वाचत आणि पर्याय निवडत पुढे जायचे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिताय. नायिका रेवती तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिते. तिचं तिघांपैकी एकाशी सूत जुळू शकतं: वखारमालकाचा मुलगा संग्राम, चिक्कोडीकडून बदलून आलेले कन्नड शाळेचे बसवराज सर, आणि गल्लीतला लहानपणचा दत्ता. खेळून बघणाऱ्या मित्रांचं म्हणणं, सर स्वतःच्या वाटेवर हळवे आणि दत्ताच्या वाटेवर एकदम खुनशी. हा एकच माणूस वाटत नाही. मग तिन्ही कथा सुट्या लिहू का, असं तुम्ही विचारलंय.

सुट्या लिहू नका. मी बेळगावात असते, अशाच खेळांचे संवाद लिहिते, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सरांच्या स्वतःच्या वाटेवर काहीच बिघडलेलं नाही. बिघडलंय ते रेवतीने त्यांना निवडलं नाही तिथे. ज्याची वाट चालू असते त्याचं मन आपण प्रेमाने उलगडत बसतो, आणि उरलेल्या दोघांना अडथळा म्हणून वापरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की न निवडलेली आवृत्ती आधी लिहा. रेवती कुणाच्याच प्रेमात पडत नाही असं धरा आणि तिघांचं ते वर्ष कागदावर उतरवा. सरांची अथणीला बदली होणार आहे का? आई लग्नासाठी मागे लागली आहे का? दुखावले की ते भांडतात, की बोलणंच बंद करतात? ही उत्तरं तिन्ही वाटांवर तीच राहिली पाहिजेत. स्वतःच्या वाटेवर त्यांच्या अबोल्याचं कारण रेवतीला कळेल. दत्ताच्या वाटेवर तोच अबोला दिसेल, कारण मात्र कळणार नाही. डूख धरणारा माणूस तुम्हाला हवाच असेल, तर तो डूख सरांच्या वाटेवरही कुठेतरी डोकावू द्या.

जुन्या जपानी खेळांत हे फार चांगलं जमलंय. २००४ च्या फेट/स्टे नाइटमध्ये तीन वाटा आहेत आणि त्या ठरलेल्या क्रमानेच उघडतात. साकुरा पहिल्या दोन वाटांवर मागेमागे वावरणारी साधी मुलगी. तिच्या घरात तिचं काय चाललंय ते तिसऱ्या वाटेवर कळतं, पण पहिल्या दिवसापासून ते खरंच असतं. मग मागच्या दोन वाटांवरचं तिचं वागणं आठवून पोटात कालवतं. हे घडतं, कारण लेखकाने वाट बदलली तरी तिचं पूर्वायुष्य बदललं नाही.

उलटं उदाहरण मास इफेक्ट या खेळमालिकेचं. दुसऱ्या भागात (२०१०) नायिका शेपर्डला जेकब या सहकाऱ्याशी प्रेम जमवता येतं. तिसऱ्या भागात (२०१२) तो भेटतो तेव्हा दुसऱ्या स्त्रीसोबत असतो आणि ती गरोदर असते. प्रेम जमवलं असो वा नसो, हे ठरलेलंच. न जमवणाऱ्याला यात काही खटकत नाही. जमवलेल्यांना मात्र तो विश्वासघात वाटला, आणि त्यांचं बरोबर होतं. जेकबने असं वागणं अशक्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो असं वागेल याची एकही खूण आधी पेरलेली नव्हती. न निवडलेल्या आवृत्तीचं भविष्य निवडलेल्या आवृत्तीवर तसंच चिकटवलं की असं होतं.

तुमच्याकडे पेरायला जमीन आयती आहे. दत्ताचे आजोबा तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या निपाणी आंदोलनात हायवेवर बसलेले शेतकरी आणि संग्रामचे आजोबा व्यापारी असं ठरवलंत, तर त्या दोन घरांमधली अढी तिन्ही वाटांवर राहील. रेवतीने कुणालाही निवडलं तरी इतिहास तोच. असे पाच-सहा पक्के मुद्दे प्रत्येक पात्रासाठी लिहून भिंतीवर लावा.

आता सामाईक प्रसंग, कारण चूक पकडली जाते ती तिथेच. दोन पर्यायांची दहा वळणं सुटी ठेवलीत तर १०२४ वाटा होतात. तेवढ्या कुणीच लिहू शकत नाही. म्हणून फांद्या पुन्हा एका प्रसंगात आणाव्या लागतात. निपाणीचा उरूस त्यासाठी उत्तम, तिघेही तिथे असणारच. पण तो प्रसंग सगळ्यांना चालेल असा गुळमुळीत लिहिलात, तर कालच एकमेकांना शब्द दिलेली दोघं तिथे अनोळख्यासारखी बोलतात. मराठीत हे आणखी लवकर उघडं पडतं. रेवती संग्रामला ‘धाकटे मालक’ म्हणते, सरांना अहो-जाहो करते. जवळीक झाल्यावर एकांतात ‘तू’ येईल, पण उरसाच्या गर्दीत ‘सर’च राहील. म्हणजे प्रत्येक ओळीआधी दोन गोष्टी तपासायच्या: नातं कुठवर आलंय, आणि आजूबाजूला कोण आहे. व्हेरिएबल (परिस्थितीप्रमाणे आपोआप बदलणारा शब्द) टाकून नुसतं ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’ आणून भागत नाही, कारण क्रियापद फिरतं, ‘जेवलात का’ आणि ‘जेवलास का’. दोन्ही ओळी पूर्ण लिहा. दत्ताला ती पहिल्यापासून अरे-तुरे करते, तिथे वेगळी खूण लागेल. मी असते तर त्याच्या वाटेवर तिला ‘दत्त्या’ म्हणणं सोडायला लावलं असतं.

भाषेचंच आणखी एक. सरांच्या वाटेवर रेवती कन्नड बोलते आणि इतर वाटांवर तिला ते अजिबात कळत नाही, असं होऊ देऊ नका. निपाणीतल्या मुलीला बाजारापुरतं कन्नड सगळीकडेच येईल. सरांच्या वाटेवर फरक एवढाच, की चुकण्याची लाज न बाळगता ती त्यांच्याशी बोलते.

कुणाला काय माहीत आहे याचा तक्ता ठेवा. आपल्याकडे दोघं स्टँडवर एकत्र दिसली की संध्याकाळपर्यंत घरी कळतं, मग सरांची गोष्ट संग्रामला महिनाभर कळली नाही हे कोण मानेल? विचर ३ (२०१५) या खेळात नायक गेराल्टने ट्रिस आणि येनेफर दोघींना प्रेमाची कबुली दिली, तर दोघी मिळून त्याला पलंगाला बांधून निघून जातात. तो प्रसंग पटतो, कारण त्या दोघी एकमेकींशी बोलतात हे खेळाने लक्षात ठेवलेलं असतं. तुमचा खेळाडू दत्ता आणि संग्राम दोघांनाही झुलवत राहिला, तर त्या दोघांना एकमेकांशी बोलू द्या.

जवळीक मोजणाऱ्या गुणांवर फार भिस्त ठेवू नका. बाल्डर्स गेट ३ (२०२३) आला तेव्हा सोबती फार लवकर लगट करतात अशी तक्रार होती. जवळिकीसाठी लागणारे गुण चुकून कमी ठेवले गेले होते, असं तो खेळ बनवणाऱ्या लॅरियन कंपनीच्या स्वेन विंके यांनीच नंतर सांगितलं. आकड्याला काय घडलं ते आठवत नाही. ‘सरांसोबत दवाखान्यात गेली’, ‘संग्रामची चिठ्ठी परत केली’ अशा घटना सुट्या नोंदवा आणि संवाद त्यांच्यावर टांगा. गुण फक्त पुढचं दार उघडायला वापरा.

तपासणीसाठी उरसाच्या आधी सेव्ह ठेवा. तिघांच्या तीन वाटा आणि कुणीच नसलेली चौथी, अशा चारही वाटांवरचा उरसाचा प्रसंग एका बैठकीत खेळा. एका बैठकीत नजर फक्त एका पात्रावर ठेवा, आणि सुरुवात सरांपासून करा. त्यांच्या ओळी चारही ठिकाणच्या कागदावर शेजारी मांडून मोठ्याने वाचा. जी ओळ त्यांच्या तोंडी बसणार नाही, ती दत्ताच्या वाटेला कितीही सोयीची असली तरी काढा, आणि अडथळ्याचं काम संग्रामच्या घरच्यांकडे द्या. त्यांच्याकडे त्याला कारणही आहे.