दहा खोल्या की चार? आधी मे महिन्याचं पाणी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चिमूर तालुक्यात ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा गेटच्या बाजूला वडिलांची साडेतीन एकर शेती आहे. तुम्ही दोघं पुण्याला नोकरीत. तिथं दहा कॉटेज, एक लहानसा स्विमिंग पूल आणि रेस्टॉरंट काढायचं मनात आहे, बँकही कर्ज द्यायला तयार आहे. चालेल का, वाघ आवारात आला तर काय, पावसाळ्यात काय करायचं आणि घरचा लॅब्रेडॉर सोबत आणला तर चालेल का, हे विचारलंत.

मी ताडोब्याच्याच मोहर्ली गेटच्या बाजूला बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात राहते. आमच्या शेतातच आमचं चार खोल्यांचं निवास आहे आणि चुलीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं माझ्याकडे असतं. तेव्हा जे सांगते ते ताडोब्याच्या भागापुरतं. मेळघाटची हवा वेगळी, नवेगाव-नागझिऱ्याकडचे तलाव वेगळे.

दहा नको, भाऊ. चार करा, फार तर पाच. आणि तो आकडासुद्धा बँकेला विचारून नाही, विहिरीला विचारून ठरवा.

तुम्ही गावी जाता ते दिवाळीत. तेव्हा धान कापणीला आलेला असतो, बोड्या (शेततळी) भरलेल्या असतात, विहिरीत वाकून पाहिलं की चेहरा दिसतो. पण वाघ पाहणारे लोक येतात ते एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला. सागाची पानं झडलेली, जंगल आरपार दिसतं, पाणवठे मोजके उरलेले आणि वाघ त्यातच बसलेला. म्हणजे आपला भर सीझन येतो तो नेमका चंद्रपूरचा पारा ४५-४६ च्या वर जातो तेव्हा, विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. सगळा धंदा या दोन-अडीच महिन्यांवर उभा असतो, म्हणून प्रत्येक गोष्ट मे महिन्यात कशी वागेल ते आधी पाहायचं.

आता हिशेब करा. पाहुणा उन्हातून, धुळीने माखून येतो आणि दिवसातून दोनदा आंघोळ करतो, त्यात त्याची चूक काही नाही. माणशी १५० लिटर धरा. चार खोल्यांत दहा माणसं म्हणजे १,५०० लिटर. कामाची माणसं आणि पाहुण्यांचे ड्रायव्हर मिळून चारशे. एक मोठा कूलर कोरड्या हवेत दिवसाला ८० लिटर सहज पितो, असे पाच. मग चादरी, टॉवेल, भांडी. तीन हजार लिटर रोज, हे झालं चार खोल्यांचं. दहा खोल्यांना सात-आठ हजार. येत्या मेमध्ये आठ दिवस सुटी काढून गावी जा. सकाळी मोटर लावून विहीर पूर्ण उपसा आणि तिथंच बसून राहा. झरे किती तासांत किती हात पाणी भरतात ते पाहा, मग परत उपसा. चार दिवस ओळीने. बोअर असेल तर दोनशे लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो ते सकाळीही मोजा आणि सलग तीन तास मोटर चालल्यावरही मोजा. दोन्ही आकडे सारखे कधीच येत नाहीत. त्यातूनच वडिलांच्या भाजीपाल्याला आणि जनावरांना पाणी लागणार हे विसरू नका.

पूल तर मनातून काढूनच टाका. दहा मीटर बाय पाच मीटर, सव्वा मीटर खोल, म्हणजे साठ हजार लिटरच्या वर. शिवाय मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर पाणी तर नुसतं उडून जातं, ते झालं पाचशे लिटर. आणि रस्त्याच्या पलीकडे हातपंपावर बाया हंडे-गुंड घेऊन रांगेत उभ्या असताना तुमच्या पाहुण्यांची पोरं पाण्यात उड्या मारतायत, हे दृश्य गाव विसरत नाही.

बांधकाम उन्हाकडे बघूनच करा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत आग ओकतो. जाड भिंती, कवेलूचं (कौलांचं) छत, त्याखाली बांबूची चटई आणि पश्चिमेला रुंद ओसरी, एवढ्याने निम्मं काम होतं. कवेलूवर वानरं नाचतात, दरवर्षी फेरावे लागतात, तो खर्च धरून चाला. कूलर चालतो तो हवा बाहेर जायला वाट असली तरच. शहरातली माणसं एसीच्या सवयीने दारं-खिडक्या गच्च लावून घेतात आणि तासाभराने तक्रार करतात की खोली दमट झाली. आमच्या प्रत्येक खोलीत कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक जाळीचा झरोका आहे. तो बंदच करता येत नाही, मुद्दाम. मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलर कुचकामी, हवेतच ओल असते. त्या पंधरा दिवसांसाठी एसी हवाच असं पाहुणा म्हणतो, पण आपल्या गावातल्या व्होल्टेजवर चार एसी एकदम चालतील या भरवशावर राहू नका.

माणसांचं गणितही मे महिन्यातच बिघडतं, आणि हे तुम्हाला कोणताच सल्लागार सांगणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. पहाटे पडतात, म्हणून घरातली बाई तीन-चार वाजताच टोपली घेऊन निघते. ते आटोपलं की मे महिन्यात तेंदूपत्ता. सकाळी पानं तोडायची, दुपारी घरभर बसून ७०-७० पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. अख्खं घर त्यात असतं, कारण वर्षातला रोख पैसा तोच. तुमची स्वयंपाकीण त्या दिवसांत येणार नाही. पगार वाढवून तिला अडवायला जाऊ नका. ती आली तरी तिचं मन तिथंच असतं, आणि गावाला वाटतं हे पुण्याहून आले आणि माणसं ओढायला लागले. आम्ही दोन घरच्या दोघी ठेवल्या आहेत, पाळीपाळीने. आणि त्या महिन्यात जेवण साधं : सकाळी सफारीला निघताना चहा आणि बांधून दिलेला नाश्ता, दुपारी वरण-भात, पोळी, एक भाजी, आंब्याचं पन्हं, रात्री पातोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) किंवा भरीत-भाकर. पनीर बटर मसाला ठेवलाच नाही. कोणी मागतही नाही, एकदा पातोडीचा रस्सा तोंडाला लागला की. वाघ न दिसल्यामुळे तोंड पाडून परतलेल्या एका कुटुंबाला आमची स्वयंपाकीण म्हणाली होती, "वाघ नाई दिसला त् नाई दिसला, जेवाले त् बसा." ते लोक आता सफारी मिळो न मिळो, येतात.

याच दिवसांत जंगलात माणसंही जातात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाकून पानं तोडणारी, मोहफुलं वेचणारी बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही. सरकार वारसांना २५ लाख देतं, पण त्या घरात पुढे काय होतं ते तुम्हाला गावात राहूनच कळेल. तुमच्या पंचक्रोशीत असं घडलं तर त्या दिवशी शेकोटी नाही, गाणी नाहीत, आणि "आज आमच्या पाहुण्यांना वाघाचं दर्शन" असा फोटो तर अजिबात टाकायचा नाही. पाहुण्यांना स्वच्छ सांगा, ते समजून घेतात. जो घेत नाही त्याला पुढच्या वेळी खोली नाही. ज्या वाघिणीला ते लाडाचं नाव देऊन फोटो काढतात, तिच्याच भीतीने आपली शेजारीण दिवेलागणीनंतर शौचाला एकटी जात नाही. आपण या दोघांच्या मधे बसून पैसे कमावतो, एवढं भान ठेवावंच लागतं.

आता तुमचा वाघाचा प्रश्न. आवाराजवळून तो जाईल, बहुतेक वेळा तुम्हाला पायाचे ठसेच दिसतील. खरा त्रास अस्वल, रानडुक्कर आणि बिबट्याचा. बांधावर मोहाचं झाड असेल तर तोडू नका, पण खोल्यांकडून गाडीकडे जाणारी पायवाट त्याच्या खालून काढू नका. पहाटे फुलं खायला अस्वल येतं आणि पाहुणे सफारीच्या जिप्सीत बसायला निघतात तीही तीच वेळ. खोली आणि जेवणघर जवळजवळ ठेवा, वाटेच्या दोन्ही बाजूंचा रायमुनिया (घाणेरीची झुडपं) मुळासकट काढा, दिवे पिवळे आणि खाली तोंड केलेले लावा. संडास-बाथरूम खोलीला लागूनच. उष्टं-खरकटं झाकणाच्या खड्ड्यात, रोज मातीखाली. उघड्यावर टाकलं की डुकरं येतात आणि भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. कुंपणाला सौर झटका मशीन चालतं. लाइनचा करंट तारेत कधीही सोडू नका, डुक्कर राहतं बाजूला आणि शेजारचा माणूस किंवा वाघ मरतो, वर तुरुंग. आवारात पाणवठा करून जनावरं बोलावण्याची कल्पना काही जण देतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

वाघापेक्षा मला धास्ती असते ती मण्यारची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा लक्षात येतं. म्हणून आमच्याकडे जमिनीवर जादा गादी मिळत नाही, कितीही आग्रह केला तरी. प्रत्येक पलंगाला मच्छरदाणी आणि ती गादीखाली खोचलेली. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. धान्याची पोती खोल्यांपासून लांब, कारण उंदीर तिथं साप. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. अवयव हलू न देता गाडीत घालून थेट दवाखाना. कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे हे सीझनच्या आधी स्वतः जाऊन विचारून या, आणि रात्री गाडी चालवणारं माणूस आवारात झोपलेलं असू द्या.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पहिलं काम, वनविभागाकडे जाऊन ताडोब्याच्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा (जंगलाभोवती बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा) नकाशा आणि तुमचा गट नंबर ताडून पाहणं. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्टला परवानगी मिळत नाही. झोनची हद्द त्याहून जवळ असेल तर तिच्यापर्यंत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर तेही आधी सोडवा. शेती चालू ठेवून करणार असाल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. व्यवसाय तुमच्या सौभाग्यवतींच्या मालकीचा असेल तर २०२३ च्या महिलांसाठीच्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सफारीचं बुकिंग पाहुण्याने स्वतः वनविभागाच्या संकेतस्थळावरून करावं. परमिट मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेऊ नका. गेटवर नाव आणि ओळखपत्र जुळलं नाही की भांडण तुमच्या ओसरीवर येतं. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, मंगळवारी बंद असतो, तेव्हा सोमवारची रात्र रिकामी जाणार हे धरा.

कर्जाचा हप्ता या कमाईवर बेतू नका. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन थांबवलं ते ऑक्टोबरात उठवलं, आणि तेवढे महिने पुढच्या सीझनचं बुकिंग कोणी घेत नव्हतं. २०२० ला तर मार्चमध्येच कुलूप लागलं, एप्रिल-मे पूर्ण गेला. वर्षाची कमाई दोन महिन्यांत होते, तशी ती दोन महिन्यांत बुडतेही. दोघांपैकी एकाची नोकरी निदान तीन वर्षं चालू ठेवा आणि हप्ता तिच्यातून भरा. आधी दोन खोल्या बांधा, एक उन्हाळा काढा, मग उरलेल्या दोन.

पावसाळ्याचं फार स्वप्न पाहू नका. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, बफरची काही गेटं पावसाच्या लहरीवर. नागपूरची मंडळी शनिवार-रविवारी येतात, धानाची रोवणी बघतात, चिखलात उतरतात, नवरंग पक्षी ऐकतात. नशिबात असलं तर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, उगवतात, आणि सात्यांची भाजी ज्या दिवशी असते त्या दिवशी पाहुण्यांना कमी आणि घरच्यांना जास्त वाढली जाते, हे कबूल करते. बाकी दिवस कवेलू, रंग, उधईचं (वाळवीचं) औषध आणि शेती.

लॅब्रेडॉर पुण्यालाच ठेवा. आपल्याकडचं ऊन त्याला सोसणार नाही, आणि सोसलंच तर तो रात्री भुंकेल आणि बिबट्याला पत्ता देईल.