खारात उगवलेले तिवर: तोडावेत का, पाला गुरांना घालावा का?

पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांचा प्रश्न आहे: बांधाला खांड (भगदाड) पडून भातखाचरांत खारं पाणी शिरतंय, तिवर (खाडीच्या चिखलात वाढणारं कांदळवनाचं झाड) उगवलेत, ते तोडले तर चालेल का? आणि जुनी माणसं गुरांना तिवराचा पाला घालायची, तो घालावा का?

तिवर तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवन तोडायला राज्यभर बंदी आहे, सातबारा तुमच्या नावावर असला तरीही. त्यामुळे चाऱ्यासाठी किंवा चुलीसाठी फांद्यांवर कोयता चालवू नका.

जुन्या माणसांचं म्हणणं खरंच होतं. हा पाला गुरं खातात, कच्छचे खाराई उंट पोहत जाऊन तिवर चरतात. उन्हाळ्यात पान निरखून पाहा, मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. शोषलेलं जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. म्हणून खाडीकडे चरून आलेल्या गुरांना गोडं पाणी भरपूर पाजा. त्याच चिखलात गेवा नावाचं कांदळवनाचं दुसरं झाडही असतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका, पोरांना जपा.

माझ्या मते खरं दुखणं खांडीचं आहे. पावसाळ्यात तिवराची फळं गळतात तेव्हा आत कोंब तयारच असतो. ती भरतीवर तरंगत खांडीतून आत येतात आणि चिखलात लगेच मूळ धरतात. एकदा झाडं उभी राहिली की तुमच्याच शेतात तुमचे हात बांधले जातात. म्हणून खांड पडताच तारखेसह फोटो काढा, खारभूमी विकास विभागाला लेखी अर्ज द्या, तहसीलदारांना प्रत द्या आणि पोच घ्या. बांधाबाहेरचे तिवर मात्र लाटांचा जोर मोडतात, ते टिकले तर बांध टिकतो.

खांड बुजल्यावर पहिल्या पावसांचं पाणी खाचरात साठवा, ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडून द्या. असं तीन-चारदा केलं की मीठ बरंच धुऊन निघतं. मग पनवेल 3 सारखं क्षार सोसणारं भाताचं वाण घ्या.

जिथे दाट तिवर झालेच आहेत, तिथे भाताचा हट्ट नको. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या 2017 पासूनच्या उपजीविका योजनेत खेकडापालन, जिताडा माशाचं पालन बसतं. गावाचा गट करून त्यांच्याकडे अर्ज करा.