वाचकांचे प्रश्न : नजर कटरवर, हात बटणावर

प्रश्न : मी कोल्हापुरात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी ३०१८ जातीचे लहान सीएनसी (संगणकाच्या आज्ञांनी कोरणारे) मशीन असून त्याच्या आर्डुइनो उनो या कंट्रोल बोर्डावर जीआरबीएल १.१ हे हालचाली सांभाळणारे सॉफ्टवेअर चालते. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात ३० वर्षे लेथ चालवला. आता ते या मशीनवर फौंड्रीसाठी लहान लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) आणि नावाच्या पाट्या कोरतात. तयार सॉफ्टवेअरमधली बटणांची गर्दी पाहून ते गोंधळतात, म्हणून मी मराठीत स्वतःचे कंट्रोल सॉफ्टवेअर लिहितो आहे. पडद्यावर काय ठेवावे आणि काय काढावे? शिवाय माझे ‘थांबा’ बटण दाबल्यावरही मशीन काही वेळ चालूच राहते, ते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुरक्षिततेचा आहे. ‘थांबा’ दाबल्यावर तुमचे सॉफ्टवेअर बहुधा आज्ञांच्या पुढच्या ओळी पाठवणे फक्त बंद करत असावे. पण तोवर पाठवलेल्या ओळींपैकी काही जीआरबीएलच्या १२८ बाइटच्या सीरियल बफरमध्ये (आलेली अक्षरे तात्पुरती साठवण्याच्या जागेत) असतात, काही हालचालींच्या रांगेत लागलेल्या असतात, आणि त्या संपेपर्यंत कटर चालत राहतो. येथे उद्गारचिन्ह हे एकच अक्षर पाठवायचे. ते रांगेत न थांबता आल्याबरोबर उचलले जाते, मशीन वेग कमी करत थांबते आणि आपली जागा विसरत नाही. मात्र स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा भाग, फिरतच राहतो. हे पडद्यावर ठळक अक्षरांत लिहा, कारण मशीन थांबलेले दिसले की माणूस सवयीने भुसा झटकायला हात पुढे करतो. कंट्रोल-एक्सचा रीसेट ही वेगळी गोष्ट आहे. चालत्या मशीनवर तो दिला तर जागा चुकण्याची शक्यता असते आणि जीआरबीएल अलार्ममध्ये, म्हणजे कुलूपबंद अवस्थेत, जाते, म्हणून ही दोन बटणे रंगाने, आकाराने आणि अंतराने वेगळी असावीत. यांपैकी कोणत्याही बटणाला इमर्जन्सी स्टॉप म्हणू नका. त्या कामासाठी मशीनचा आणि स्पिंडलचा वीजपुरवठा तोडणारे लाल बटण हाताशी बसवावे लागते. संगणक अडकला तरी ते चालते.

आता पडद्याविषयी. तुमचे वडील लेथवर काम करताना काय करत असतील ते डोळ्यांसमोर आणा : नजर टूलच्या टोकावर, आणि हात न पाहता हँडलवर. सीएनसीवरही नेमक्या नाजूक क्षणी नजर पडद्यावर नसते, आणि चुका त्याच क्षणी होतात. मी एकदा सागवानी पाटीवर झेडचा, म्हणजे वर-खाली अक्षाचा, झीरो (मोजणीची सुरुवात) घेत होतो. कटरखाली कागदाचा कपटा सरकवत, कागद अडकेपर्यंत ०.१ मिमीने खाली उतरायचे, अशी ती पद्धत. त्याआधी पाटीच्या कोपऱ्यापर्यंत जाण्यासाठी मी १० मिमीची पायरी (बटणाच्या एका दाबात होणारी हालचाल) निवडली होती, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही अक्षांना पायरी एकच होती. खाली वाकून कागद हलवत मी बटण दाबले. कटर पाटीत घुसून मोडला. म्हणून झेडची पायरी स्वतंत्र ठेवा आणि खाली जाण्यासाठी ती १ मिमीच्या वर जाऊच देऊ नका. आडव्या हालचालीला बटण दाबून धरण्याची सोय द्या आणि बोट उचलताच जॉग (बटणाने मशीन सरकवणे) रद्द करणारी आज्ञा, म्हणजे हेक्साडेसिमल ८५ हा बाइट, पाठवा. हँडल सोडले की स्लाइड थांबते, याची वडिलांच्या हाताला सवय आहेच.

बाणांच्या बाबतीत एक गोम आहे. ३०१८ मध्ये वाय अक्षावर कटर हलत नाही, टेबल हलते. कटर जॉबवर (कोरायच्या वस्तूवर) मागे जायला हवा असेल तर टेबल पुढे येते, आणि नवा माणूस बाण उलटा आहे असे समजतो. बाण नेहमी जॉबच्या तुलनेत कटर कुठे जाईल तेच दाखवतो, हे ठरवून बाणांच्या मधोमध जॉब आणि कटरचे छोटे चित्र काढा.

कायम दिसायला हव्यात अशा गोष्टी माझ्या मते दोनच : मशीनची अवस्था आणि जॉब झीरोपासूनचे अंतर, तेही दोन हात लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मोटरच्या पायऱ्या प्रति मिलिमीटर, कमाल वेग, प्रवेग ही मूल्ये रोजच्या पडद्यावरून काढून वेगळ्या पानात बंद करा. चुकांचे नुसते क्रमांक दाखवू नका. ‘एरर ९’ वाचून वडिलांना काहीच कळणार नाही. अलार्ममुळे मशीन कुलूपबंद असताना ती आली असेल, तर ‘मशीन कुलूपबंद आहे, आधी अलार्मचे कारण दूर करा, मग कुलूप उघडा’ असे वाक्य त्यांना पुढचे पाऊल सांगते.

एक जागा मात्र फार जपा. स्पिंडलच्या विद्युत गोंगाटाने यूएसबीची जोडणी अधूनमधून तुटते. पोर्ट पुन्हा उघडला की उनो बोर्ड सहसा रीसेट होतो, आणि मशीन जिथे उभे आहे तीच जागा शून्य मानून बसते. अशा वेळी गुपचूप पुन्हा जोडून घेऊन जुने आकडे दाखवत राहणे म्हणजे वडिलांना चुकीच्या जागी कटर उतरवायला लावणे होय. आकडे पुसून टाका, ‘जागा माहीत नाही’ असे लिहा आणि मशीनला अक्षांच्या टोकाला लिमिट स्विच असतील तर होमिंग (त्या स्विचांपर्यंत जाऊन जागा ठरवणे), नसतील तर हाताने झीरो घेतल्याशिवाय ‘सुरू’ बटण उघडू नका.

पहिली चाचणी कटरऐवजी पेन लावून, पाटीच्या जागी कागद चिकटवून घ्या. वडिलांना काही न समजावता एक फाईल चालवायला सांगा आणि मागे उभे राहून त्यांचा हात कोठे अडखळतो ते वहीत टिपत जा.