एक व्यसन काढून दुसरं लावायचं, असंच ना हे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत साधे फॅमिली डॉक्टरसुद्धा हेरॉइन, फेंटानिलच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन लिहून देतात. तेही अफूच्याच जातीचं, मग फरक काय पडला?

मी मूळचा मिरजेचा, ओहायोतल्या एका लहान गावात फॅमिली डॉक्टर आहे. 2016 मध्ये मलाही हेच वाटायचं. तेव्हा हे औषध लिहायला वेगळा परवाना लागे. त्यासाठी 8 तासांचं प्रशिक्षण, वर पहिल्या वर्षी फक्त 30 पेशंट. ज्या ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे अफूच्याच जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी निम्मं गाव नादाला लागलं, त्या लिहायला असलं काही नको होतं. त्यातल्या काही माझ्याच हातच्या.

माझा पहिला पेशंट छपरांची कामं करणारा. पाठदुखीच्या गोळ्यांवरून हेरॉइनवर गेलेला. या औषधाची एक खोड आहे: अंगात आधीची नशा असताना दिलं तर ते तिला एकदम हुसकावून लावतं आणि माणूस तळमळतो. म्हणून नशा उतरल्याचा त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं. तो आला तेव्हा जांभयांवर जांभया, नाक गळतंय, हातावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. हा त्रास मोजायच्या तक्त्यावर 14 गुण भरले, म्हणजे औषध द्यायला हरकत नव्हती. जिभेखाली औषधाची पट्टी ठेवली. बोलायचं नाही, गिळायचं नाही. तासाभरानं डोकावलो तर पाय शांत. म्हणाला, ‘‘इथं जवळपास खायला काय मिळतं?’’

आता तुमच्या प्रश्नाकडे. शरीराला सवय लागतेच, अचानक बंद केलं तर त्रासही होतो. पण एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याची भीती बरीच कमी. आणि दिवसभर पुरतं, म्हणजे दर चार-सहा तासांनी माल शोधत हिंडावं लागत नाही. व्यसन म्हणतो ते त्या हिंडण्यालाच.

माझी चूक मात्र वेगळीच होती. एका बाईंच्या लघवीत कोकेन सापडलं आणि मी त्यांचं औषध बंद केलं. नियम म्हणजे नियम! तीन आठवड्यांनी त्या ओव्हरडोस होऊन इमर्जन्सीत पोचल्या. शेजारणीजवळ ओव्हरडोसवर उतारा असलेल्या नालोक्सोनचा स्प्रे होता म्हणून वाचल्या. मधुमेहाच्या पेशंटनं जिलेबी खाल्ली म्हणून कुणी इन्सुलिन काढून घेतं का? तेव्हापासून असल्या रिपोर्टवर मी औषध थांबवत नाही, पुढची तारीख जवळची देतो.

तो परवाना डिसेंबर 2022 च्या कायद्यानं गेला. औषधाच्या दुकानात ‘स्टॉक नाही’ मात्र अजून ऐकावं लागतं, आणि फेंटानिल अंगात रेंगाळत असल्यानं पहिला डोस कधी द्यायचा हे पूर्वीपेक्षा अवघड झालंय.

छपरांवाला अजून दर महिन्याला येतो. पट्टी विरघळली की चूळ भर, ब्रश तासाभरानं कर, नाहीतर दात किडतील, हे मी दर वेळी सांगतो आणि तो दर वेळी हसतो. मागच्या खेपेला सगळा वेळ त्याच्या ब्लडप्रेशरवरच गेला.